न बोललेली वाक्यं

वेणूबाई कामाशिवाय फोन करत नसत, आणि दुपारी बारा ते तीन तर मुळीच नाही. त्या वेळी लोणी काळभोरच्या त्यांच्या खानावळीत कॉलेजच्या मुलामुलींच्या पंगतीमागून पंगती उठत. म्हणून मंगळवारी सव्वाएकला त्यांचं नाव फोनवर दिसलं तेव्हा कादंबरीनं हातातलं काम टाकून फोन उचलला.

"पोरी, एक सांग," भांड्यांच्या खणखणाटावर आवाज चढवत वेणूबाई म्हणाल्या, "'चाक फिरवा, नशीब उघडा' असं म्या कवा म्हनले गं?"

"कसलं चाक, मावशी?"

"ते तुला म्हाईत. खेळ तुझा हाय. हितं पोरं जेवता जेवता खेळत्यात, आन त्यातनं माझा आवाज येतोय. 'घाई करा, शेवटची पाच मिन्टं ऱ्हायली.' पोरं हसत्यात. मावशी, तुमी जाहिरातीत कवा गेला, म्हनत्यात. म्या तुझ्या त्या कपाटात तोंड घालून दोन दिस बोलले, तेवढंच मला ठावं. हे कवा बोलले?"

"तुम्ही नाही बोललात, मावशी."

"मग कोन बोललं?"

"बघते आणि सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःचा खेळ उघडला.

खेळाचं नाव 'पाणंद'. गावातून शेताकडे जाणारी अरुंद वाट, दोन्ही अंगांना बांध, आणि डोक्यावर भाकरीची पाटी घेतलेली एक म्हातारी. एवढाच खेळ. वाटेत कुणाची शेळी सुटलेली असे, कुणाला गवताचा भारा डोक्यावर चढवायला हात हवा असे, कुणाला नुसतंच बोलायचं असे. थांबलात तर भाकरी निवायची. न थांबता गेलात तर गरम पोचायची, पण दुसऱ्या दिवशी वाटेत कुणी हाक मारायचं नाही. गुण नव्हते, जिंकणं-हरणं नव्हतं. मध्येच लिंबाखाली बसलात, तर म्हातारी आपणहून काहीबाही बोलायची. ढगांचं, सुनेचं, दुखऱ्या गुडघ्याचं. तो आवाज वेणूबाईंचा.

कादंबरी तेव्हा लोणीजवळच्या एका कॉलेजात ॲनिमेशन शिकवायची आणि वेणूबाईंकडे जेवायची. खानावळ टाकण्याआधी, दिरांच्या वाटण्या होईपर्यंत, वेणूबाईंनी बावीस वर्षं शेतावर भाकरी पोचवली होती. त्या वाटेवरच्या गोष्टी त्या ताटात आमटी वाढता वाढता सांगायच्या, आणि कादंबरीचं जेवण निवून जायचं. त्यातून खेळ सुचला. चित्रं तिनं काढली, प्रोग्रॅमिंग तिनं केलं, शेवटच्या वर्षी नोकरीही सोडली. आवाजासाठी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून वापरलेला माइक आणला. खोलीत आवाज घुमत होता म्हणून कपड्यांचं कपाट उघडलं आणि वेणूबाईंना साड्यांमध्ये तोंड घालून बोलायला लावलं. लिहून दिलेलं एकही वाक्य त्यांनी वाचलं नाही. "असं कोन बोलतं?" म्हणायच्या आणि स्वतःचं बोलायच्या. ते दर वेळी बरं निघायचं.

सगळं मिळून तीन वर्षं लागली. खेळ आला तेव्हा फार कुणाला कळलंही नाही, पण ज्यांना सापडला ते पत्रं लिहीत. नांदेडच्या एका नर्सनं लिहिलं होतं की ड्यूटी संपली की घरी जाण्याआधी ती दहा मिनिटं त्या बाईबरोबर लिंबाखाली बसते, मग तिला कुणाशीही नीट बोलता येतं. ते पत्र कादंबरीनं छापून भिंतीला चिकटवलं होतं.

आणि मग दिग्विजय आला. खराडीच्या काचेच्या इमारतीत त्याच्या 'ध्रुवपट' कंपनीचं ऑफिस होतं. कंपनी दुसऱ्यांचे खेळ विकत घेऊन बाजारात उतरवायची. दिग्विजय तिशीचा, मऊ बोलणारा, आणि खेळ त्यानं खरंच खेळलेला होता. खेळातल्या वाटेवर भेटणाऱ्या एका आंधळ्या गुराख्याबद्दल बोलताना त्याचे डोळे ओले झाले होते, ते काही नाटक नव्हतं. "मॅम, हा गेम महाराष्ट्रातल्या प्रत्येक फोनवर असायला हवा. व्हिजन तुमचंच राहील," तो म्हणाला. करार बत्तीस पानांचा होता. कादंबरीनं पहिली नऊ पानं नीट वाचली. दहाव्या पानापासून डोळे नुसतेच खाली घसरत गेले. मग तिनं सही केली.

सुरुवातीचे महिने बरे गेले. पुढे पुढे बैठका तिच्याशिवाय व्हायला लागल्या. एके दिवशी तिचा पासवर्ड चालेना. विचारलं तर "सिक्युरिटी पॉलिसी आहे, मॅम" असं उत्तर आलं. तेव्हापासून तिनं खेळ उघडायचंच सोडलं होतं. सासरी गेलेल्या मुलीच्या घरात डोकावू नये तसं.

आता पाणंदीवर पाऊल ठेवायच्या आधीच पडद्यावर रंगीबेरंगी चाक आलं. चाक फिरवायला हिरे, हिरे घ्यायला पैसे. भाकरी किती निवली ते लाल आकड्यांत धावत होतं. शेळी सोडवायची तर जाहिरात पाहा. लिंबाचं झाड जागेवर होतं, पण त्याखाली बसायला पाच हिरे पडत. आंधळा गुराखी गायबच. आणि म्हातारी बोलत होती. "घाई करा! नशीब उघडा!" घशातला खरखरीतपणा तोच, वाक्य संपताना श्वास सोडायची लकब तीच. फक्त वेणूबाई 'मिन्टं' म्हणतात आणि ही स्वच्छ 'मिनिटं' म्हणत होती.

सगळ्यात वर, चाकाच्याही वर, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: संकल्पना आणि निर्मिती, कादंबरी रिसबूड.

दिग्विजयनं तिला चौथ्या दिवशी वेळ दिली.

"मॅम, तुम्ही आधी एक कॉल करायला हवा होता."

"सात केले."

"सॉरी, सध्या खूप रश आहे." त्यानं लॅपटॉप मिटला. "व्हॉइसबद्दल ना? तो सिंथेटिक आहे. ओरिजिनल रेकॉर्डिंग आपल्याकडे होतंच, त्यावरून तयार केला. लीगली क्लिअर आहे. ॲसेट्स आपले आहेत."

"वेणूबाई ॲसेट नाहीत."

"मॅम, प्लीज, इमोशनल नको होऊया. पूर्वी लोक आठ-नऊ दिवस खेळायचे आणि सोडून द्यायचे. आता रोज येतात. रोज! तुम्हालाच लोकांपर्यंत पोचायचं होतं ना?"

हे कादंबरीला लागलं, कारण ते खरं होतं. तिला पोचायचं होतं.

"मग निदान माझं नाव काढा," ती म्हणाली.

"नाव तर ब्रँडचा पार्ट आहे. एका लेडी डेव्हलपरनं घरी बसून केलेला गेम, लोकांना ती स्टोरी आवडते. क्लॉज सतरा बघा."

"म्हणजे खेळ माझा नाही, पण नाव माझं."

"असं नका बोलू, मॅम. कॉफी मागवू?"

"नको," ती म्हणाली. "कलम सतरा वाचायचंय."

तिचे वडील, श्यामसुंदर रिसबूड, जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं लिपिक होते. निवृत्त होऊन नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहत होते आणि रोजचं वर्तमानपत्र चुका काढण्यासाठी वाचत होते. त्यांनी करार मागवून घेतला आणि ओळीखाली पट्टी धरून दोन दिवस वाचला.

"इंग्रजी चांगलं आहे," तिसऱ्या दिवशी ते म्हणाले.

"बाबा."

"सही करण्याआधी दाखवला असतास तर वाचनाचा काही उपयोग झाला असता. आता नुसतं वाङ्मय म्हणून वाचला."

"काहीच करता येणार नाही?"

"तुला? नाही. खेळ दिलास, चित्रं दिलीस, नाव दिलंस. घराच्या किल्ल्या मागायच्या राहिल्यात, ते बहुधा विसरले." त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. "त्या बाईंशी काय कागद केला होतास?"

कागद होता. वहीचं एक पान. कपाटातल्या त्या दोन दिवसांच्या शेवटी वेणूबाईंनीच तो करायला लावला होता. त्या सांगत गेल्या आणि कादंबरी गंमत वाटून लिहीत गेली. मावशींना उगीच काळजी, असं तेव्हा तिला वाटलं होतं. श्यामसुंदरांनी पान उजेडात धरून मोठ्यानं वाचलं.

"'मी वेणूबाई मारुती काळभोर. माझा आवाज पाणंद या खेळासाठी देते. मी जे बोलले तेवढंच वापरायचं. मी न बोललेलं माझ्या तोंडी घालायचं नाही. दुसऱ्या कशाला आवाज घ्यायचा तर आधी मला विचारायचं.' खाली सही, तारीख." त्यांनी चष्मा काढला. "बाई वकील आहेत?"

"खानावळ चालवतात."

"तरीच."

मग त्यांचा सूर बदलला. "जे तुझं नव्हतं ते तू विकू शकत नाहीस, कादंबरी. आवाज बाईंचा आहे, आणि तो असा बोलवून घेण्याची परवानगी कुणालाच नाही. बाई उभ्या राहिल्या तर कंपनीला तो काढावा लागेल. पण कलम अकरा बघ. तू लिहून दिलंयस की खेळातल्या झाडून सगळ्या गोष्टींचे हक्क तुझ्याकडे होते आणि ते तू त्यांना दिलेस. हा कागद पुढे केलास की पहिली काठी तुझ्या पाठीत बसेल."

"म्हणजे गप्प बसायचं?"

"मी काय करायचं ते सांगितलं नाही. काय होईल ते सांगितलं."

दुसऱ्या दिवशी कादंबरी लोणीला गेली. वेणूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. कादंबरीनंही समोर बसून जुडी सोडली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. सही कशी केली, काय वाचलं नाही, आवाज यंत्रानं कसा उचलला, आणि कागद काय म्हणतो.

"अजून एक आहे, मावशी. ते तुमच्याकडे येतील. पैसे देतील. तुम्ही हो म्हणालात तरी मी वाईट वाटून घेणार नाही. आवाज तुमचा आहे."

"येतील काय? येऊन गेला त्यो, दिग्विजय. परवा. पेढं घिऊन." वेणूबाईंनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "माझा फोटू लावनार म्हनं, मोठ्ठा, रस्त्यावर. दर म्हयन्याला पैसं. म्या म्हनलं, इचार करते."

"आणि?"

वेणूबाईंचे हात थांबले. "ती भाग्यश्री हाय ना, वाशिमची? बारीक, चष्मा लावती ती. आठ दिस जेवाया आली न्हाई. खोलीवर जाऊन बघितलं तर बिस्किटाचा पुडा खाऊन पडलेली. खानावळीचं पैसं चाकात घातलं. मला म्हनली, 'मावशी, तुमीच म्हनत होता, अजून एकडाव फिरव, आता लागंल.'" त्यांनी जुडी ताटात टाकली. "तिला सांगाया लाज वाटली न्हाई. मला ऐकाया वाटली."

"आता जेवते ना ती?" कादंबरीनं विचारलं.

"तिला रोज जेवाया बसवलीय, ते जाऊ दे. पेढं पोरांस्नी वाटून टाकलं. डबा ठिवलाय परत द्याया."

"रिकामा?"

"पेढं चांगलं व्हतं," वेणूबाई म्हणाल्या. "कवा जायचं सांग. मंगळवार सोडून कवाबी. मंगळवारी मटकी भिजवायची असती."

ॲडव्होकेट आनंदी ही श्यामसुंदरांच्या जुन्या ओळखीतली. बोलणं मोजकं, फाईल नीटनेटकी. तिनं नोटीस पाठवली आणि दहाव्या दिवशी खराडीच्या ऑफिसात बैठक ठरली. टेबलाच्या एका बाजूला दिग्विजय आणि कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला आनंदी, कादंबरी, आणि हिरव्या इरकली लुगड्यात, पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन वेणूबाई.

कंपनीच्या वकिलांनी वहीचं पान दोन बोटांत धरून पाहिलं. "हे नोटरी केलेलं नाही."

"म्या म्हनलेलं हाय," वेणूबाई म्हणाल्या. "माझ्या म्हनन्याला दुसऱ्याचा शिक्का कशापायी?"

"कोर्टातही त्या हेच सांगतील," आनंदी म्हणाली. "असंच."

दिग्विजय पुढे झुकला. "मावशी, तुमचा आवाज लाखो लोक ऐकतायत. तुम्ही फेमस झालात. असा चान्स किती जणांना मिळतो?"

"त्यो माझा आवाज न्हाई, बाळा. माझ्यासारका हाय." वेणूबाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे सरकवला. "तुमी माझ्या तोंडी शिव्या घातल्या असत्या तर एक येळ चाललं असतं. म्या देते शिव्या, सगळ्या गावाला ठावं हाय. पन भुलवनं घातलंत. माझ्या पंगतीला बसनारी पोर माझ्याच आवाजाला भुलून उपाशी ऱ्हायली. ह्ये म्या केलं न्हाई, आन लोकं म्हनतील वेणूनं केलं. काढा त्यो."

"मावशी, आपण टर्म्स बदलू. तुम्हाला काय योग्य वाटतं ते बोला."

"बोलले की. काढा."

कंपनीचे वकील दिग्विजयच्या कानाशी लागले. दोघं बाहेर गेले, बऱ्याच वेळानं परत आले. वकिलांच्या हातात दोन पानं होती.

"कंपनी आवाज काढायला तयार आहे," ते म्हणाले. "पण मग पूर्ण काढू. मूळ रेकॉर्डिंगसकट. कुठलं वाक्य त्यांनी बोललेलं आणि कुठलं नाही, हा वाद पुन्हा नको."

कादंबरीनं हे गृहीत धरलं नव्हतं. साड्यांत तोंड घालून बोललेले ते दोन दिवस, लिंबाखालची ती बडबड. सगळ्या खेळात तेवढंच एक उरलं होतं जे तिला अजून आपलं वाटत होतं. पुरावा म्हणायचा तर तोच की खेळ एकेकाळी काय होता. तिनं वेणूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. हा निर्णय त्यांनी तिच्यावर सोडला होता.

"काढा," कादंबरी म्हणाली. "खराही आणि खोटाही."

"आणि तुमच्यासाठी हे." वकिलांनी ती दोन पानं तिच्यापुढे ठेवली. "या खेळाबद्दल, कंपनीबद्दल, आजच्या बैठकीबद्दल तुम्ही कुठेही बोलणार नाही, लिहिणार नाही. त्याबदल्यात कंपनी कलम अकरा तुमच्याविरुद्ध वापरणार नाही."

आनंदी हळूच म्हणाली, "घाई नाही. घरी नेऊन वाचू शकतेस."

"इथेच वाचते."

तिनं वाचलं. दोन पानं वाचायला तिनं वीस मिनिटं घेतली. समोर वकील घड्याळ बघत होते, दिग्विजय फोनवर बोटं फिरवत होता, वेणूबाईंनी तर पाय वर घेऊन खुर्चीत मांडी ठोकली. दुसऱ्या पानाच्या तळाशी तिच्या नावासाठी टिंबांची रेघ होती. कादंबरीनं पानं जुळवली, कडा नीट केल्या आणि परत दिली.

"नाही."

"मॅम, विचार करा," दिग्विजय म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत असावं. "मग आम्हाला क्लॉज अकरा वापरावा लागेल. माझ्या हातात नाही ते."

"वापरा. कराराच्या सहीची चूक मी केली, तिचं जे काय होईल ते बघेन. पण खेळ घेतलात, नाव घेतलंत. तोंड माझ्याकडे राहिलंय, ते नाही देणार."

लिफ्टमध्ये वेणूबाई म्हणाल्या, "त्यानं डबा घेतला न्हाई बघ."

"मावशी, रिकामा होता."

"रिकामा असला म्हनून काय? स्टीलचा व्हता."

पंधरा दिवसांत आवाज गेला. लिंबाखाली आता नुसतं एक लाडिक संगीत वाजायचं. चाक मात्र फिरतच राहिलं. त्याच आठवड्यात कादंबरीनं मराठीत एक पत्र लिहिलं आणि इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं. खेळ कसा केला, काय होता, सही कुणी केली, आता तो काय झाला आहे, चाकात कोण बुडतं आहे. शेवटी लिहिलं, "या खेळात आता माझं फक्त नाव आहे. तुमच्या फोनवर असेल तर काढून टाका. मी सांगते आहे, मी तो केला होता."

पुष्कळांनी काढला. नांदेडच्या नर्सनं लिहिलं, "काढला. बाईंना नमस्कार सांगा." पुष्कळांनी नाही काढला. काहींनी तिलाच धारेवर धरलं. पैसे घेताना गोड लागलं, आता रडते. ते वाचून तिला दोन दिवस जेवण गेलं नाही, कारण तेही अगदी खोटं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याखाली उत्तर लिहिलं: "हो, सही माझीच. म्हणून तर सांगायचं कामही माझंच आहे."

हे उत्तर मूळ पत्रापेक्षा जास्त फिरलं. खेळ करणाऱ्या मुलामुलींचे फोन यायला लागले. कोल्हापूरचा एक जण, नागपूरच्या दोघी बहिणी. त्यांच्यापुढेही असेच करार होते. कादंबरी त्यांना नारायण पेठेचा पत्ता द्यायची. श्यामसुंदर वर्तमानपत्र बाजूला ठेवून पट्टी घ्यायचे आणि पहिलाच प्रश्न विचारायचे, "सही झाली की अजून अक्कल शिल्लक आहे?" आठवड्यातून तीन दिवस ती पुन्हा कॉलेजात शिकवायला लागली. उरलेल्या दिवसांत तिनं नवा खेळ सुरू केला, अगदी पहिल्या रेघेपासून, आणि तो कशाबद्दल आहे हे वेणूबाई सोडून कुणालाही सांगितलं नाही.

मग कंपनीची नोटीस आली. सात दिवसांत पत्र मागे घ्या, जाहीर माफी मागा, कलम अकराप्रमाणे नुकसानभरपाई द्या, नाहीतर दावा लावू. चार पानं होती. आनंदीनं कायद्याचं उत्तर तयार केलं, मुद्देसूद आणि कोरडं. श्यामसुंदरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. फक्त सुरुवातीला एक ओळ घाला."

"कोणती, काका?" आनंदीनं विचारलं.

"'आपली नोटीस पोचली. मजकूर समजला. मान्य नाही.' पुढचं मग ज्याला सवड असेल तो वाचेल."

कादंबरी हसली. आनंदीनं ओळ घातली.

पाकीट स्वतः टाकायचं म्हणून बापलेक चालत बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टात गेले. श्यामसुंदरांनी खिडकीत सवयीनं 'रजिस्टर एडी' मागितलं. आतल्या बाई म्हणाल्या, आजोबा, रजिस्टर आता स्पीड पोस्टातच जातं.

"नाव बदललं असेल तर हरकत नाही. पोचतं ना?"

"पोचतं की."

"मग पोचपावतीही द्या. त्यांना मिळालं हे आम्हाला कळलं पाहिजे."

बाईंनी पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पेटीत टाकलं. बाहेर आल्यावर गर्दीत वाट काढत दोघं थोडं अंतर चालले. हार-फुलांच्या दुकानांपाशी श्यामसुंदर थांबले. दावा लागला तर तो किती वर्षं चालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"भीती वाटते?" त्यांनी विचारलं.

"वाटते."

"मग?"

"मग काय बाबा, वाटू दे," कादंबरी म्हणाली. सिग्नल सुटायच्या आत तिनं त्यांचा हात धरला आणि रस्ता ओलांडला.